सुहासदादा, डोंगरानं तुला बोलावलं नव्हतं

दादा,

तुझ्या शोकसभेत सगळ्यात आधी जो माणूस बोलायला उठला, त्याला मी ओळखत नव्हते. त्यानं माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "डोंगरानं त्यांना बोलावून घेतलं." लोकांनी माना हलवल्या. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. मी पुढच्या रांगेत आप्पांच्या शेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, डोंगराला एवढा उद्योग नाही. म्हैसूर कुठं आहे हे त्याला ठाऊक नाही. देवराज मार्केटच्या मागं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचा मुलगा सुहास, त्याला बर्फावरून स्कीवर उतरायला किती आवडतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुला कुणी बोलावलं नव्हतं. तू गेलास. अडवलं तरी गेलास.

हे मला तुला सरळ सांगायचं आहे. बाकी सगळे सध्या तुझ्याबद्दल गोड बोलतायत, आणि गोड बोललेलं तुला नको तेवढं आवडायचं.

दुसऱ्यानं तुला 'हिमपुत्र' म्हटलं. तिसऱ्यानं सांगितलं, मरण यावं तर असं, आवडीचं काम करता करता. हा माणूस बँकेत आहे. त्याला विचारावंसं वाटलं, तुम्हाला आवडीचं काम करता करता नाकातोंडात बर्फ भरून मरायला चालेल का? की ते फक्त दुसऱ्याच्या मुलाला शोभतं? मी विचारलं नाही. आप्पा शेजारी होते. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा तर्जनीवर सारखा फिरत होता, सुईत ओवायच्या आधी दोऱ्याला पीळ देतात तसा.

बर्फ आपल्या घरात आणलास तो तूच. कॉलेजातून गिर्यारोहणाच्या शिबिराला गेलास आणि परत आलास तो वेडा होऊन. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, आणि बोलणं एकच: स्की. म्हैसुरात बर्फ म्हणजे मार्केटमध्ये माशांवर घालतात तो. तू कुठून तरी चाकांच्या स्की पैदा केल्यास आणि मी डेंटल कॉलेजात असताना मलाही त्याच्यावर उभं केलंस. भल्या पहाटे रिंग रोडवर आपण दोघं हातात काठ्या घेऊन सरकत जायचो. एकदा हुणसूरची बस आपल्या बाजूला येऊन हळू झाली, कंडक्टर दारातून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "आइस एल्लम्मा? बर्फ कुठाय गं बाई?" सगळी बस हसली. मी लाजेनं मेले. तू काठी उंचावून त्याला सांगितलंस, "बरत्ते, सर! येतोय, येतोय!" आणि त्या बसच्या मागं असा सुटलास की बघत राहावं.

तेव्हा मला तुझा अभिमान वाटायचा. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की नीलाला भावाचं कौतुकच नव्हतं.

तू चांगला शिकवायचास. हेही खरं. आप्पांच्या कटिंगच्या टेबलावर तू एक फळी ठेवलीस, तिच्यावर मैदा पसरलास, त्याच्यावर साखरेचा एक थर दिलास, आणि त्याच्यावर पुन्हा मैदा, हातानं दाबून घट्ट केलेला. मग फळी एका बाजूनं हळूहळू उचलायला लागलास. बराच वेळ काही झालं नाही. आप्पा चष्म्यातून बघत होते. आणि मग एकदम वरचा सगळा मैदा एका तुकड्यात, एखादी लादी सुटावी तसा सुटला आणि जमिनीवर पडला. "ही साखर म्हणजे जुना बर्फ," तू म्हणालास. "थंडीनं दाणेदार झालेला. एकमेकाला धरत नाही. वर वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ कितीही टणक दिसू दे, त्याच्या खाली हे असेल तर ती स्लॅब आहे. तू तिच्यावर पाय ठेवायची वाट बघते." आप्पा म्हणाले, "अय्यो, मैदा कोण झाडणार रे?" पण आठवडाभर त्यांनी दुकानात येईल त्याला हीच गोष्ट सांगितली.

पुढं त्याचा तू वर्गच काढलास. थंडी सुरू व्हायच्या आत, विठ्ठलमंदिराच्या हॉलमध्ये, जन्मात बर्फ न बघितलेल्या माणसांपुढे तू हिमस्खलन शिकवायचास. उताराचा कोन कसा मोजायचा, वारा कुठल्या बाजूला बर्फ साठवतो, वादळानंतरचा पहिला स्वच्छ दिवस सगळ्यात फसवा का असतो. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस बीकनच्या, म्हणजे अंगावर बांधलेल्या इशारा पाठवणाऱ्या यंत्राच्या, आवाजावरून कसा शोधायचा, हे शिकवायला तू एक बीकन लोकांच्या पाकिटांसकट गवतात पुरून ठेवायचास. मी तुझी मदतनीस होते. दिवसा हिनकलला दवाखान्यात लोकांचे दात, संध्याकाळी तुझे तक्ते. आणि वर्गाच्या शेवटी तू दर वर्षी एकच सांगायचास: ज्याला मागं फिरायची लाज वाटते, त्यानं येऊ नये.

मला वाटायचं तुला ते समजलेलंही आहे.

तू नोकरी सोडलीस, माणसं घेऊन गुलमर्गला जायला लागलास, आणि लोक तुला 'सर' म्हणायला लागले, तिथून बिघडलं. आधी तू म्हणायचास, "मला वाटतं आज उतार चांगला नाही." मग म्हणायला लागलास, "डोंगर मला सांगतोय." दाढी वाढली. जॅकेटवर बिल्ले आले. विवेक आला. पुण्याहून इथं कंपनीत बदलून आलेला, गोड बोलणारा, हेल्मेटवर कॅमेरा लावून फिरणारा विवेक. त्यानं तुझ्या फिल्मा करायला सुरुवात केली. संगीत घालून, संथ करून, सूर्य तुझ्या पाठीशी ठेवून. त्या तू स्वतः पुन्हा पुन्हा बघायचास. जेवताना फोन ताटाशेजारी उभा करून बघताना मी तुला बघितलंय. चाळिशी ओलांडलेला माणूस, सांबार निवतंय आणि हा स्वतःलाच बघतोय.

आपलं भांडण त्याच सुमारास सुरू झालं आणि ते संपलं नाही. तुला आठवत असेल. गेल्या वर्षी धोक्याचा इशारा असलेल्या दिवशी तू त्या वरच्या वाडग्यासारख्या उतारावरून खाली गेलास. मी खाली वाट बघत होते. तू हसत आलास. मी म्हटलं, "दादा, हे चूक होतं."

"उतरलो की नाही?"

"वाचलास. बरोबर होतास असं नाही."

"अगे, मग बरोबर म्हणजे काय? माणूस धड खाली आला म्हणजे बरोबर."

"धड खाली आला म्हणजे नशीब."

तू स्की काढत म्हणालास, "तू प्रत्येक गोष्टीत कीड शोधतेस. सवय आहे तुझी." त्यानंतर तू त्या उतारावरून आणखी गेलास. दर वेळी धड खाली आलास, आणि दर वेळी तुझी खात्री आणखी पक्की होत गेली. चुकीचं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळत गेले तर मुलगा बिघडतो, तसा तू बिघडलास. आणि शिक्षक तर तूच होतास.

आता त्या दिवसाचं. सभेत जे धड सांगितलं गेलं नाही ते मी इथं जसं झालं तसं सांगते.

वादळ नुकतंच सरलं होतं. दिवसेंदिवस बर्फ पडला होता आणि पश्चिमेचा वारा थांबायचं नाव घेत नव्हता. त्या सकाळी आभाळ निळंशार निघालं. इशारा आला होता: वरच्या उतारांवर धोका जास्त. तो वाचून दाखवलास तूच, हॉटेलच्या जेवणघरात, लाकडाच्या शेगडीजवळ उभा राहून, हातात नून चाय, तिकडचा तो खारट चहा. आपण पाच जण होतो. तू, मी, विवेक, विवेकचा एक मित्र आणि चैत्रा, आपल्या वर्गातली बंगळूरची मुलगी, जिचा बर्फातला तो पहिलाच मोसम. तू म्हणालास, "आज फक्त झाडीतले सौम्य उतार. वर जायचं नाही." मला इतकं बरं वाटलं की मी तुझ्या ताटातला पराठा काढून खाल्ला. 

झाडीतल्या उतारांकडे जायला गोंडोलातून, तारेवरच्या पाळण्यातून, वर गेलो. वर पोचल्यावर समोर तोच वाडग्यासारखा उतार. अंगावर एक ओरखडा नसलेला, फक्त उजव्या बाजूनं कुणीतरी आपल्या आधी उतरून गेल्याच्या काही वळणदार रेघा. विवेक थांबला. "सर, बघा ना. लोक उतरलेत. हा असा प्रकाश परत मिळायचा नाही."

मी म्हटलं, "लोक उतरले म्हणून काय? वरचा थर पातळ असेल अशा जागी त्यांचा पाय पडला नाही, एवढंच."

 तू उताराकडे बघितलंस, मग विवेकच्या कॅमेऱ्याकडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की सकाळचं शेगडीजवळचं बोलणं संपलं. "कड्यावरून जाऊन बघू तर," तू म्हणालास. "बघायला काय जातंय."

आपण कड्यावरून चालत होतो. मी तुझ्या मागं. आणि पायाखाली 'धुप्प' असा आवाज झाला. भिंतीपलीकडे कुणी ओली गादी टाकावी तसा. माझ्या पायाखालचा सगळा बर्फ किंचित खाली बसला आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सरसर पुढं पळत गेली. खालचा दाणेदार थर मोडल्याचा आवाज. हा आवाज ऐकल्यावर चर्चा करायची नसते, मागं फिरायचं असतं. हे तू मला शिकवलंस. त्या हॉलमध्ये शेकडो माणसांना शिकवलंस. आवाज कसा असतो ते दाखवायला तू सतरंजीवर उशी आपटायचास.

"दादा, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"इथं सपाट आहे. इथला थर बसला. खाली वेगळं असणार."

"खाली तोच बर्फ आणि तोच वारा. उन्हं पण चढायला लागलीत. दादा, फिरू या मागं."

विवेकनं कॅमेरा माझ्याकडं वळवला. ते तू बघितलंस, आणि तुझा आवाज बदलला. माझ्याशी बोलायचा आवाज गेला, फिल्ममधला आला.

"नीला, एनू आगल्ला. काही होत नाही. तू आपले दात बघ."

विवेक हसला. त्याचा मित्र हसला. एवढ्यासाठी, दादा. दोन माणसांच्या हसण्यासाठी. मी आजवर तुझा पुष्कळ मूर्खपणा बघितलाय, पण इतक्या स्वस्तात गेलेला माणूस बघितला नाही.

मी म्हटलं, "मी परत जाते. कोण येतंय?"

चैत्रानं तुझ्याकडं बघितलं नाही. "मी येते, अक्का," ती म्हणाली. आम्ही वळलो. तू मागून काहीतरी म्हणालास, ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. वळून विचारावं असं त्या वेळी वाटलं नाही. इतका राग आला होता.

मी तुला जाताना बघितलं नाही. ऐकलं. जाड कापड दोन्ही हातांनी टरकावं तसा आवाज, मग एक लांब घरघर. वळून बघितलं तर विवेक आणि त्याचा मित्र कड्यावर उभे होते आणि तू नव्हतास. उतारावर तुझी दोनच वळणं होती. त्याच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुरीनं कापल्यासारखी बर्फाची भिंत. खाली सगळं उघडं पडलेलं आणि तळच्या अरुंद घळीत पांढरा ढिगारा.

तुझ्या पाठीवरची ती माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी हवेची पिशवी फुगली होती, तेवढं तू केलंस. पण घळ अरुंद, आणि वरून येणारा बर्फ थरावर थर तुझ्या अंगावर पडत गेला. बर्फ सुटून गेलेल्या जागेवरून आम्ही खाली उतरलो. मी माझं बीकन इशारा पाठवण्यावरून शोधण्यावर वळवलं तर त्याचा बाण सारखा मागं दाखवायला लागला. तुझा सर्वोत्तम शिष्य विवेक आपलं बीकन शोधण्यावर वळवायला विसरला होता. माझं यंत्र तुझ्याऐवजी त्यालाच शोधत होतं. मी त्याला जे बोलले ते कन्नडमध्ये बोलले आणि ते त्याला कळलं नाही, पण चैत्रानं जाऊन त्याच्या छातीवरचं बटण फिरवलं. तेवढा वेळ गेला. तुझ्याजवळ तेवढा वेळ नव्हता.

मग सळई खुपसत गेलो. एका जागी ती दगडावर लागावी तशी लागली नाही, मातीत लागावी तशीही नाही. मऊ लागली. मी तिथं खणायला लागले. तुझ्या हॉलमध्ये खणण्याचा तास सगळ्यांना गंमतीचा वाटायचा. तू शिट्टी वाजवायचास. दादा, थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो. फावडं आपटलं की हात झिणझिणतात. चैत्रा आणि मी आळीपाळीनं खणत होतो आणि ती कन्नडमध्ये देवाला काहीतरी सांगत होती. मी काही सांगत नव्हते. मी तुला शिव्या देत होते, मोठ्यानं, आणि मला वाटत होतं की तुला ऐकू जाईल आणि तू चिडून उलट बोलशील.

तुझं तोंड उघडून मी आतला बर्फ बोटानं काढला. खालच्या उजव्या दाढेत मीच भरलेलं सिमेंट होतं. ते भरताना तू किती कुरकुर केली होतीस. मी श्वास देत राहिले. विवेकनं माझ्या खांद्याला हात लावला, तरी देत राहिले. पुष्कळ वेळानं चैत्रा म्हणाली, "अक्का, साकु." पुरे.

आणखी एक होतं. तुझ्या तोंडासमोरच्या बर्फावर पातळ, गुळगुळीत काच धरली होती. ती कशानं धरते ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. आतला माणूस श्वास घेत असेल तर. त्याबद्दल मी पुढं सांगते.

तुला घरी आणलं, सगळं केलं, आणि मग ती सभा. त्याच हॉलमध्ये जिथं तू वर्ग घ्यायचास. विवेकनं पडदा लावला होता. तुझी फिल्म झाली, तुझा चेहरा पडद्यावर थांबला, आणि विवेक माईककडं आला. पांढरा कुडता. आवाज भरून आलेला, पण शब्द एकही चुकत नव्हता. "आपण सगळ्यांनी हे समजून घेतलं पाहिजे, की निसर्गापुढे माणूस काहीच नाही. त्या दिवशी जे घडलं ते कुणालाच आधी कळणं शक्य नव्हतं. सरांनी शेवटच्या क्षणापर्यंत सगळे नियम पाळले." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मग त्यानं जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून, तुझ्या स्मरणार्थ, त्याच उतारावरून दर वर्षी नव्या लोकांना घेऊन उतरायचं. उताराला तुझं नाव द्यायचं. पहिल्या तुकडीत कोण येणार, त्यांनी हात वर करा.

हात वर झाले, दादा. कॉलेजची मुलं. ज्यांना बीकन कुठल्या खिशात ठेवतात ते माहीत नाही अशी. माझ्या दवाखान्यात दाताला तारा लावून घेतलेली एक मुलगी, तिचाही हात.

मी उठले. मागून वहिनीनं माझी ओढणी धरली. वहिनीचं माहेर हुणसूरचं. एरवी आमच्याशी मराठीच बोलते, पण त्या क्षणी तिच्या तोंडून कन्नड आलं. "बेडा, नीला. बेडा." नको. तिला काय नको होतं ते मला कळत होतं. मी बसले.

पण आप्पा उठले. माईकशिवाय. "विवेक," ते म्हणाले, "नीला तुमच्याबरोबर होती, अल्लवा? होती ना? मग ती मागं का आली?"

 विवेक म्हणाला, "काका, ताईंना जरा थकवा आला होता."

"नीला," आप्पा माझ्याकडं वळले, "तू सांग की. थकलीस काय?"

"नाही, आप्पा. पायाखालचा थर मोडला. सगळ्यांनी ऐकला. मी दादाला म्हटलं मागं फिरू. तो नाही म्हणाला."

"त्याला ठाऊक होतं काय, तो आवाज म्हणजे काय?"

"त्यानंच मला शिकवलं होतं."

आप्पा विवेककडं बघत राहिले. विवेक खाली बघत म्हणाला, "काका, सर ग्रेट होते. असं बोलून आपण त्यांचं..."

"ऐकलास की नाही आवाज, एवढंच सांग."

 "ऐकला," विवेक म्हणाला.

"मग बस." आप्पांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या मुलाचं नाव त्या जागेला द्यायचं नाही. कुणाच्या पोरांना तिथं न्यायचं नाही. हात खाली घ्या रे सगळ्यांनी. आयतु. झालं."

ते बसले.  लोक उठून जायला लागले, चहा न घेता. जाताना एका बाईनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "सख्ख्या भावाच्या सभेत कसली ही माणसं."

दोन दिवसांनी विवेकनं ग्रुपवर टाकलं की कुटुंबाच्या भावनांचा आदर राखून उपक्रम तूर्त स्थगित. तूर्त. हा माणूस दुसरा उतार शोधेल, दुसरा सर शोधेल, आणि त्याच्या पाठीशी सूर्य ठेवेल. पण निदान त्या मुलीनं मला सांगितलं की ती जाणार नाही. तिची तार घट्ट करताना सांगितलं, तोंड उघडं ठेवून, म्हणून मला नीट कळायला वेळ लागला.

आता त्या काचेचं.

सभेनंतर काही दिवसांनी मी दुकानात गेले होते. गणवेशांची गर्दी सुरू व्हायची वेळ, टेबलावर निळ्या कापडाचे गठ्ठे. आप्पा माप घेत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नीला, लगेच गेला काय तो?"

हॉलमध्ये सगळ्यांसमोर खरं बोललेली मी. तुझ्या शिष्यांची ढोंगं बघून तोंड वाकडं करणारी मी.

"लगेच, आप्पा," मी म्हटलं. "त्याला कळलंही नसेल."

"बरं," ते म्हणाले आणि खडूनं रेघ ओढली.

हे ओझं तू मला दिलंस. खाली तू किती वेळ होतास, काय विचार केलास, माझा आवाज ऐकू आला की नाही, हे मी कुणाला विचारायचं? आणि आप्पा गेले तरी हे सांगता येणार नाही. या एकाच गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही असं ठरवलंय. बाकीचं कदाचित करेन.

नंतर वहिनी आली. हिनकलला, दवाखान्यात. पेशंट नव्हते. ती खुर्चीत बसली, पेशंटसारखी, आणि वरच्या दिव्याकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी हॉलमध्ये मी तुला अडवायला नको होतं."

मी म्हटलं, "असू दे."

"नाही. ऐक. दर वेळी जाताना मी त्यांना विचारायची, भीती वाटते हो. ते काय म्हणायचे ठाऊक? नीला येतेय की बरोबर. मी चुकलो तर ती मला ओढून आणेल. सुम्ने, उगीच काळजी करू नको." वहिनी रडत नव्हती. "म्हणून मी झोपायची. तुझ्या नावावर."

दादा, मी तिथं हत्यारं धुताना घातलेल्या हातमोज्यांनिशी तशीच उभी राहिले. म्हणजे घरात तू माझं नाव जामीन म्हणून ठेवायचास. बायकोला झोप लागावी म्हणून मी. आणि कड्यावर, दोन मूर्ख हसावेत म्हणून, तीच मी: 'तू आपले दात बघ.' एका तोंडानं तू दोन्ही बोललास. तुला माहीत होतं की मी बरोबर सांगेन. त्यासाठीच तू मला नेत होतास. आणि ऐकायची वेळ आली तेव्हा तुला कॅमेरा दिसला.

मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग आणखी वाढेल. वाढलाही. पण त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी आलं, त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. वहिनीला मी कॉफी करून दिली. 

आता मी रोज एकाच गोष्टीचा विचार करते. समज, त्या दिवशी ते सुटलं नसतं. सुटलंच असतं असं कुठं आहे? तुझा पाय हातभर डावीकडं पडला असता तर तो उतार तसाच राहिला असता. तू खाली पोचून काठ्या उंचावल्या असत्यास. विवेकनं फिल्म केली असती, आणि तिच्यात मी असते, पाठ फिरवून जाणारी. रात्री जेवणघरात तू सगळ्यांना माझी नक्कल करून दाखवली असतीस. म्हैसूरला येऊन आप्पांना सांगितलं असतंस, वहिनीला सांगितलं असतंस, पुढच्या वर्गात सांगितलं असतंस: आमची डॉक्टरीणबाई कड्यावरून पळाली. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू ते काढलं असतंस. तू म्हातारा झाला असतास, तुझे दात पडले असते, मी तुला कवळी बसवून दिली असती, आणि त्या कवळीनं तू तेच सांगितलं असतंस. मी बरोबर होते हे कुणाला कधीही कळलं नसतं. मला स्वतःलाही नाही. मी आयुष्यभर भित्री म्हणून राहिले असते.

मला चाललं असतं, दादा.